बाकावरचे धाकटे मित्र

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



समितीने आम्हांला शिक्षणावर बोला म्हणून सांगितले. शिक्षणाचे महत्त्व सांगणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही कुर्ल्यातले चार-पाच जण पन्नाशी ओलांडल्यावर रात्रशाळेत बसलो. कुणाची शाळा १९८२ च्या गिरणी संपात सुटली होती, कुणाची लग्नामुळे. तेव्हा आम्ही वर्गातल्या मैत्रीबद्दलच बोलतो. कारण आमच्या पाहण्यात असे आले की, मोठ्या वयाचा विद्यार्थी गणितामुळे शाळा सोडत नाही. मधल्या सुट्टीत एकट्याने बसावे लागते, म्हणून सोडतो.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिथे शेजारच्या बाकावरही आजीच. आमचे तसे नव्हते. पहिल्या दिवशी पोरांनी आम्हांला कुणाचे तरी पालक समजून खुर्ची दिली. बाक दिला नाही! आमच्यातल्या एका ताईंच्या शेजारी बसणारी मुलगी त्यांच्या सुनेपेक्षाही लहान. चाळीतल्या बाया हसल्या ते वेगळेच.

पोरे 'काका', 'मावशी' म्हणणार, ते म्हणू द्यावे. पण वर्गात काकापणा करू नये. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य निघाले की पोरे उठून दुसऱ्या बाकावर जातात. त्यापेक्षा वही पुढे करावी आणि विचारावे, "बाबा, हे समीकरण कसं सोडवलंस?" गॅरेजमधून काळ्या हातांनी थेट वर्गात येणारा सतरा वर्षांचा पोरगा आम्हांला बीजगणित शिकवू लागला. त्याच्या मालकाने ओव्हरटाइम बुडवला, तेव्हा तोच हिशेबाचा कागद घेऊन आमच्याकडे आला. तिथून खरी दोस्ती जमली. घेणे एकाच बाजूने असते तोवर ती ओळखच राहते. पुढे पोरांनी आम्हांला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतले. आधी घेतले नव्हते, कारण त्यात ते सरांच्या नकला करतात!

धम्मात याला आधार आहे. भिक्खुसंघात ज्येष्ठपण वयावर मोजत नाहीत, उपसंपदा केव्हा झाली त्यावर मोजतात. शाक्य राजपुत्रांनी उपाली न्हाव्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे आपण त्याला वंदन करू आणि कुळाचा अभिमान गळेल. त्या हिशेबाने वर्गातली पोरे आमची ज्येष्ठच की! आणि राध नावाचा म्हातारा ब्राह्मण आठवावा. घरच्यांनी टाकलेला, विहारात झाडलोट करून राहणारा. त्याला उपसंपदा द्यायला कुणी पुढे येईना. त्याने कधीतरी पळीभर अन्न वाढले होते, ते स्मरून सारिपुत्तांनी त्याला संघात घेतले. हे कर, हे करू नको, असे सांगितले की राध मनाला लावून न घेता ऐकत असे. उतारवयात हे ऐकणे फार अवघड.

बाबासाहेबांचेच पाहा. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेला माणूस १९२० साली लंडनला गेला तो पुन्हा विद्यार्थी होऊन. पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून त्यांनी वर्ग सकाळी भरवले.

आता समितीला एक विनंती. यंदा आमच्या वर्गातली सात पोरे दहावीला बसताहेत, आमच्यातले दोघे आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असतो, धाकटी भावंडे झोपलेली असतात. शाळा सुटल्यावर साडेनऊ ते अकरा विहाराची किल्ली आम्हांला मिळावी. सगळी पोरे आपल्या समाजाची नाहीत, दोन मुसलमान आहेत, एक उत्तर प्रदेशचा आहे. सगळे एकत्रच बसतील. झाडलोट आम्ही करू, लाइटबिलात वाटाही उचलू. डाव्या बाजूचा पंखा तेवढा दुरुस्त करून घ्यावा.

जयभीम. नमो बुद्धाय.