तैवानमधील आहार आणि औषधोपचार : काही नित्याचे अनुभव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



परदेशी राहणाऱ्यास आपल्याकडे प्रथम एकच प्रश्न विचारला जातो, "खाण्यापिण्याचे काय?" यजमानांच्या नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड तैवानमधील शिन्चू या शहरी आहे. त्या प्रश्नाचे उत्तर येथे द्यावे अशी विश्वस्तांची आज्ञा झाली, म्हणून आपणासमोर उभी आहे.

तैवानच्या बाजारपेठेत 'सू' हे एक चिनी अक्षर ओळखता आले की निम्मे काम होते. 'सू' म्हणजे शाकाहार. अनेक शाकाहारी खानावळींच्या पाटीवर स्वस्तिकही असते. मात्र ते आपल्या प्रतीकचिन्हातील स्वस्तिकाच्या उलट दिशेस वळलेले, बौद्ध परंपरेतील. अशा खानावळीत पदार्थ मांडून ठेवलेले असतात. कागदी डब्यात हवे ते भरावे, डबा काट्यावर ठेवावा आणि वजनाप्रमाणे पैसे द्यावेत. चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या तिथीस तेथे विशेष गर्दी होते, कारण एरवी मांसाहार करणारे अनेकजण त्या दोन दिवशी शाकाहार पाळतात. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या आपणांस याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

मला सर्वांत नवल वाटले ते त्यांच्या वर्ज्य पदार्थांचे. चिनी बौद्ध परंपरेत कांदा-लसणासारख्या पाच उग्र वनस्पती निषिद्ध आहेत. त्यांतील एकीचे नाव 'शिंगछ्यू'. हे संस्कृत 'हिंगु' या शब्दाचेच रूपांतर! कांदा-लसूण टाळण्यासाठी आपण फोडणीस जो हिंग घालतो, तोच त्यांच्या यादीत वर्ज्य. आमच्या शेजारच्या आजींनी माझ्या वरणाचा वास घेतला आणि वाटी मोठ्या अदबीने परत केली. दुसऱ्या दिवशी जिरे-कढीपत्त्याची फोडणी दिलेले वरण मात्र त्यांनी आवडीने घेतले. त्यांनी आणलेली मुळ्याची वडी मग मला परत करावी लागली, कारण कंदमुळांचा निषेध त्यांच्याकडे नाही. त्यांचा आक्षेप उग्रतेला, चित्त विचलित करण्याला आहे. आपला अनंतकाय जीवांच्या हिंसेला आहे. बटाटा, अळकुड्या, कमळाचा कंद, अळंबी हे सारे 'सू'मध्ये येते, तेव्हा त्या पाटीखालीही विचारपूस करावीच लागते.

वेष्टनातील पदार्थांची मात्र तेथे उत्तम सोय आहे. २००९ पासून शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थावर त्याचा प्रकार लिहावा लागतो : निव्वळ वनस्पतिजन्य, दूधयुक्त, अंडेयुक्त, दूध-अंडेयुक्त, अथवा त्या पाच उग्र वनस्पती असलेला. आपल्याकडील हिरव्या ठिपक्यावरून आत लसूण आहे की नाही हे कळत नाही. हा नियम आपण उचलण्यासारखा आहे, असे माझे मत आहे.

एक गोष्ट मात्र मला कधीच रुचली नाही. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून हुबेहूब मासा वा कोंबडी घडवून ती शाकाहारी ताटात वाढतात. सोमदेवसूरींच्या यशस्तिलकचंपूमधील पिठाच्या कोंबड्याची कथा आपण जाणता. पिठाचाच कोंबडा बळी दिला, तरी यशोधर आणि त्याच्या मातेला जन्मोजन्मी त्याचे फळ भोगावे लागले. ती कथा लहानपणी ऐकलेल्या माणसाचा हात अशा माशाकडे जात नाही.

आता औषधोपचाराविषयी. तैवानमध्ये १ मार्च १९९५ पासून सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्य विमा आहे. नोकरदाराच्या हप्त्यातील ३० टक्के तो स्वतः, ६० टक्के मालक आणि १० टक्के सरकार भरते. नोकरीसाठी राहणारे परदेशीही त्यात येतात. छायाचित्र असलेले एक कार्ड दाखवले की साधा दवाखाना, दातांचा दवाखाना, इतकेच नव्हे तर चिनी वैद्यकाचा उपचारही मिळतो. छोट्या दवाखान्यात विम्यातील आपला मूळ वाटा तेथील ५० डॉलर. नावनोंदणीचे शुल्क निराळे. दवाखाने रात्रीही उघडे असतात. डॉक्टर मात्र दोन-तीन मिनिटांत मोकळे होतात. आपल्याकडच्या कुटुंबवैद्यासारखी घरची चौकशी नाही.

औषधांत आपल्यासाठी खरी अडचण जिलेटिनची. कॅप्सूलचे कवच बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. चिनी औषधांतही गांडूळ, सिकाडा कीटकाची कात, गाढवाच्या कातडीचा सरस अशी द्रव्ये वापरतात. तेव्हा प्रत्येक वेळी विचारणे आले.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे आल्या असता डिसेंबरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले. पाहुण्यांना तो सरकारी विमा लागू नसतो. सर्व खर्च आम्हीच भरला. त्यातील बराचसा निघण्यापूर्वी काढलेल्या प्रवास विम्यातून पुढे परत मिळाला. पण सासूबाईंची चिंता पैशाची नव्हती. त्यांचा सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम चाळीस वर्षांचा, आणि तेथे त्या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "हात राहिला वाकडा तरी चालेल, नियम मोडायचा नाही," असे त्यांनी मला मराठीत बजावले.

मी अगोदरच चिनी अक्षरांत एक चिठ्ठी लिहवून घेतली होती. ती वाचून डॉक्टरांनी कॅप्सूलऐवजी गोळी दिली आणि दिवसाचे तीन डोस बदलून दोन वेळा घ्यावयाचे औषध लिहिले : सकाळी नाश्त्यानंतर आणि सायंकाळी साडेचारच्या जेवणानंतर. औषध देणाऱ्या बाईंनी पुडीवर घड्याळाचे चित्र काढून दिले. हाड सहा आठवड्यांत जुळले आणि नियमही अखंड राहिला. मात्र वेळा डॉक्टरांनीच बदलाव्यात, आपण परस्पर नव्हे. मधुमेहाच्या रुग्णांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

त्या चिठ्ठीच्या प्रती सभागृहाबाहेरील टेबलावर ठेवल्या आहेत. एका बाजूस चिनी मजकूर, दुसऱ्या बाजूस त्याचा मराठी अर्थ आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत व ज्यांचे जाणे ठरले आहे, त्यांनी अवश्य न्याव्यात. जय जिनेंद्र.