नकाशात कोरडं दिसणारं घर

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट माझ्याच एका चुकीची आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एका वीकेंडला मुंबईचा नकाशा बनवायला बसलो. खाली स्लायडर, तो सरकवला की समुद्र चढतो आणि शहर निळं होत जातं. कोड सोपा होता. जमिनीची उंची पाण्याच्या पातळीपेक्षा कमी, तर तो चौकोन निळा. उंचीचा डेटा नासाच्या ‘एसआरटीएम’चा, २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेला. फुकट मिळतो.

स्लायडर १ मीटरवर नेला. १ मीटरच का? आयपीसीसीचा सहावा अहवाल सांगतो, उत्सर्जन असंच भरमसाट वाढलं तर २१०० पर्यंत समुद्र साधारण ०.६ ते १ मीटर वर येऊ शकतो. माझी मावशी माहीमला तळमजल्यावर राहते. तिचा चौकोन कोरडा! लगेच फोन लावला, “मावशी, तू सेफ आहेस गं!”

ती म्हणाली, “अरे, सव्वीस जुलैला घरात गुडघाभर पाणी होतं. तुझ्या नकाशाला सांग की ते.”

मग शोधत बसलो. या रडारच्या उंचीत इमारतींची छपरं आणि झाडांचे शेंडेही मिसळलेले असतात. म्हणजे मी मावशीची जमीन मोजतच नव्हतो, आजूबाजूच्या गच्च्या मोजत होतो! २०१९ मध्ये क्लायमेट सेंट्रलच्या संशोधकांनी ही चूक सुधारून हिशोब केला, तेव्हा जगभरात धोक्यात असलेल्या लोकांचा अंदाज जवळपास तिप्पट झाला.

दुसरी चूक भरतीची. माझा शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी त्याच्याही दोनेक मीटर वर जातं. तेव्हा नाल्यांतलं पावसाचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. समुद्र जितका वर, तितका नाल्यांना रिकामं व्हायला वेळ कमी. पाणी किनाऱ्यावरूनच येईल असं नाही, ते गटारातूनही येतं.

आता माझा स्लायडर भरतीपासून सुरू होतो. आणि ‘कोरडा’ हा रंगच काढून टाकलाय. तिथे राखाडी आहे, म्हणजे ‘खात्री नाही’.

तुमच्याकडे असा नकाशा फॉरवर्ड होऊन आला तर दोनच गोष्टी विचारा: उंची जमिनीची की छपरांची? आणि भरती धरली आहे का?

मावशीचा फ्रीज अजून विटांवरच आहे. मी आता तिला काढायला सांगत नाही.

भेटू पुढच्या भागात!