कोर्टाचं दार उघडं असतं

(हरिहरेश्वर येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





आपल्या श्रीवर्धन-म्हसळ्याच्या गावांतून कुवेत, सौदी, दुबईला गेलेल्यांच्या पगारावर किती घरं उभी राहिली, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या खालाचं घर त्यातलंच. खालूंनी पाठवलेल्या पैशातून तिने वरचा मजला बांधण्यासाठी रक्कम साठवली आणि मुंबईच्या एका कंपनीत ठेवली. व्याज नाही, नफ्यातला वाटा मिळेल, असं सांगितलं होतं. सांगणारा ओळखीचा, आपल्याच मशिदीत नमाज पढणारा. वर्षभर वाटा आला, मग थांबला, मग कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागलं. पुढे गुन्हा दाखल झाला, खटला उभा राहिला. खाला म्हणाली, "तू शिकलेला आहेस ना, जाऊन बघ तरी."

म्हणून मी कोर्टात गेलो. वकील म्हणून नाही, नुसता बघणारा म्हणून.

दाराशी मी घुटमळलो. शिपायाला विचारलं, आत बसलं तर चालेल का? तो म्हणाला, "बसा की, मोबाइल बंद करा फक्त." आपल्याकडे फौजदारी न्यायालय हे खुलं न्यायालय आहे. जुन्या फौजदारी संहितेचं कलम 327 आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 366 तेच सांगतं. बलात्कारासारखे काही खटले बंद दाराआड चालतात आणि न्यायाधीश कारण असेल तर गर्दी बाहेर काढू शकतात. बाकी जागा असेल तोवर कुणीही बसावं.

मला वाटलं होतं, आत सिनेमासारखं काही दिसेल. पहिल्या दिवशी पुकारा झाला आणि पाच मिनिटांत पुढची तारीख पडली. दुसऱ्या खेपेला कंपनीचा हिशेबनीस साक्षीला उभा होता. जवळजवळ दोन तास एकाच पावतीवर गेले. सही कुणाची? आकडा कुणी भरला? तारीख आधी लिहिली की नंतर? सही माझी आहे, म्हणाला, पण आकडा कुणी भरला ते ठाऊक नाही. न्यायाधीशांनी ते तसंच उतरवून घेतलं आणि पावतीला निशाणी क्रमांक पडला.

मी मनात चिडलो होतो. चोर समोर बसलाय आणि हे पावती काय बघतात? पण चार-पाच तारखांनंतर उमगलं, की खटला म्हणजे तीच पावती. "सगळ्यांना माहीत आहे" हा पुरावा नसतो. खालाची मूळ पावती घर बदलताना हरवली होती, मोबाइलमध्ये फक्त फोटो होता. तिचा पैसा खरा होता, पण तो दाखवताना आमची किती दमछाक झाली! घरी जाल तेव्हा आईची, फुफूची कागदपत्रं आधी एका पिशवीत नीट ठेवा.

पैशाच्या घोटाळ्याची चौकशी लोकांनी समोर बसून पाहण्याची परंपरा मुंबईत जुनी आहे. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली. पैसा विमेदारांचा. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न उचलला. 1958 च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने चौकशी केली. तो खटला नव्हता, पण सुनावणी जाहीर होती. इतके लोक जमले की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

याच मुंध्रा प्रकरणाची आठवण देणारा मथळा 'ब्लिट्झ'ने 1960 साली एका उद्योगपतीवरच्या आरोपांना दिला. त्यांनी संपादक करंजियांवर तीन लाखांच्या भरपाईचा दावा लावला. 1964 मध्ये त्या दाव्यातला एक साक्षीदार म्हणाला, माझी साक्ष छापून आली की माझ्या धंद्याला फटका बसतो. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती छापू नये असं तोंडी सांगितलं. पुढे नागरी स्वातंत्र्यासाठी झटलेले, तेच तारकुंडे. कोर्टात बसून बातमी लिहिणारे नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 1966 साली नऊ न्यायाधीशांपुढे निकाल लागला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी खुल्या न्यायालयाचं तत्त्व ठामपणे मांडलं, पण अपवाद करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार मान्य केला. आठ जण एका बाजूला होते. नववे, नागपुरात शिकलेले आणि तिथेच वकिली केलेले मोहम्मद हिदायतुल्ला, यांनी एकट्याने विरोधी मत दिलं. साक्षीदाराच्या धंद्याची काळजी हे लोकांपासून साक्ष झाकण्याचं कारण होऊ शकत नाही, असा त्यांचा रोख होता. दोन वर्षांनी ते देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झाले. ते खटला हरलेल्यांच्या बाजूने उभे राहिले होते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता अवघड गोष्ट. आपल्या एखाद्या पोराला पोलिसांनी उचललं आणि त्याच रात्री टीव्हीने गुन्हेगार ठरवलं, की आपण म्हणतो, आधी सिद्ध तर होऊ द्या. बरोबरच आहे. मग खालाचे पैसे नेणाऱ्यालाही तोच न्याय द्यावा लागेल. त्याच्या वकिलाने कडक उलटतपासणी घेतली तेव्हा माझ्या मुठी वळल्या होत्या, पण तो त्याचा हक्क होता. आणि उलटही तितकंच खरं. "आपल्या जमातीचा माणूस आहे, कशाला बोभाटा" म्हणून साक्ष द्यायला कचरणारे मी पाहिले. गावातल्या तिघांनी तसं केलं. त्यांचे पैसे त्यांनी गमावलेच, खालाची बाजूही लंगडी केली.

महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी 1999 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात विशेष न्यायालय आहे, मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची सोय आहे, सहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण कायदा आपोआप चालत नाही. तक्रार, पावती आणि साक्षीदार लागतो. तारीख ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते.

खालाचा खटला अजून चालू आहे. मजला अजून बांधलेला नाही. पण गेल्या तारखेला ती स्वतः दिघीहून जंगलजेटीने पलीकडे उतरली, तिथून गाडी धरून मुंबईला आली आणि मागच्या बाकावर बसली. बुरख्यातली एक बाई शांतपणे ऐकत होती. मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "आता कळलं रे, हे एवढा वेळ का घेतात ते."

तुमच्यापैकी प्रत्येकाने या वर्षी एक दिवस कोर्टात जाऊन बसावं, एवढंच मागतो.