उंचावरचे पाणी आणि मिटलेला व्हॉल्व्ह

वसई-विरार व पालघरच्या परिसरातून येथे जमलेल्या अभियंते, तंत्रज्ञ व कारखानदार बंधुभगिनींनो,

या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणि त्या ऋणाची अंशतः फेड करण्याचा एकच मार्ग मला दिसतो, तो असा की ज्या विषयावर आपल्या जिल्ह्याचा विशेष हक्क आहे, परंतु ज्याविषयी आपल्या भाषेत क्वचितच तपशिलाने बोलले जाते, तो विषय आभारप्रदर्शनात वेळ न दवडता आपल्यापुढे मांडावा. विरारहून रेल्वेने उत्तरेस चाळीसेक किलोमीटर गेले की बोईसर लागते, आणि तेथून समुद्राकडे वळले की तारापूरचे अणुवीज केंद्र. 28 ऑक्टोबर 1969 पासून तेथील पहिले दोन संच व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. भारतातील अणुविजेचा आरंभ तेथेच झाला. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याचे, उकळत्या पाण्याच्या जातीचे हे संच मूळ प्रत्येकी 210 मेगावॉटचे होते आणि पुढे 160 मेगावॉटवर आणण्यात आले; त्यांच्या शेजारी 2005 व 2006 साली जड पाण्यावर चालणारे, 540 मेगावॉटचे दोन स्वदेशी संच उभे राहिले. असे शेजारी असताना, साऱ्या यंत्रांची वीज एकाएकी गेली तर काय होते, हा प्रश्न आपल्याला कुतूहलाचा राहत नाही; तो आपल्या घरचा होतो.

अणुभट्टी बंद करणे आणि अणुभट्टी निववणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत, आणि पुष्कळ सुशिक्षितांच्या मनातही या दोहोंची गल्लत झालेली असते. नियंत्रक दांडे आत गेले की विखंडनाची शृंखला काही सेकंदांत थांबते. परंतु विखंडनातून जन्मलेली किरणोत्सारी द्रव्ये आपल्या क्रमाने क्षय पावत राहतात, आणि त्या क्षयाची उष्णता कोणाच्याही हुकमाने थांबत नाही. भट्टी बंद होते त्या क्षणी ही उष्णता पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के असते. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास उतरते आणि दिवसभरानंतरही अर्धा टक्का उरते. 160 मेगावॉट वीज देणाऱ्या तारापूरच्या संचाची औष्णिक शक्ती सुमारे 530 मेगावॉट धरली, तर बंद होण्याच्या क्षणी सुमारे पस्तीस मेगावॉट आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अडीच मेगावॉटहून अधिक उष्णता इंधनातून अखंड काढून न्यावी लागते. ती काढली गेली नाही, तर इंधनाचे आवरण तापते, वाफेशी संयोग पावून हायड्रोजन निर्माण करते, आणि शेवटी इंधन वितळू लागते.

ही उष्णता काढण्याची रूढ तजवीज म्हणजे पंप, पंपाला वीज, विजेसाठी डिझेल जनित्रे आणि त्या जनित्रांना सुरू करण्यासाठी बॅटऱ्या. या साखळीतील प्रत्येक कडी दोनदा-तीनदा राखून ठेवली, तरी पूर, आग किंवा भूकंप यांसारखे एकच कारण साऱ्या कड्या एका वेळी तोडू शकते. म्हणून गेल्या चार दशकांत जगातील अणुअभियंत्यांनी आपला भरवसा अधिकाधिक प्रमाणात निसर्गाच्या अशा नियमांवर ठेवावयास आरंभ केला, की ज्यांना विजेची वा आज्ञेची गरज नाही: पाणी खाली वाहते, तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, वाफ थंड पृष्ठभागावर पुन्हा पाणी होते. यांवर उभारलेल्या व्यवस्थांना निष्क्रिय सुरक्षा-व्यवस्था म्हणतात. आपल्या इमारतींच्या गच्चीवरील टाकीचे पाणी वीज गेली तरी नळाला येत राहते, तेच तत्त्व येथे आहे. परंतु ती टाकी आधी कोणी तरी भरलेली असावी लागते आणि तिचा कॉक उघडा असावा लागतो, हेही तितकेच खरे, आणि माझ्या आजच्या सांगण्याचा भर या दुसऱ्या वाक्यावर आहे.

तारापूरच्या जुन्या संचांत हे तत्त्व अगदी प्रारंभापासून आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. तेथे आपत्कालीन कंडेन्सर नावाचे उपकरण भट्टीच्या वरच्या पातळीवर बसविलेले आहे: भट्टीतील वाफ आपल्याच दाबाने वर जाते, टाकीतील पाण्यात बुडालेल्या नळ्यांतून जाताना निवते, आणि तिचे झालेले पाणी स्वतःच्या भाराने भट्टीत परत येते. टाकीतील पाणी उकळून आटेपर्यंत, म्हणजे काही तास, हे चक्र पंपावाचून चालू शकते, आणि बाहेरून पाणी घालता आले तर त्याहून अधिक काळ.

आणि नेमके याच उपकरणाचे दुसरे भावंड 11 मार्च 2011 रोजी जपानमधील फुकुशिमा दाइइची येथे निकामी ठरले. तेथील पहिला संचही उकळत्या पाण्याचा, जनरल इलेक्ट्रिकच्याच आराखड्याचा, आणि त्यालाही असेच कंडेन्सर होते. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला. सहा मिनिटांत कंडेन्सर आपोआप सुरू झाले आणि इतक्या जोमाने काम करू लागले, की तासाला 55 अंश सेल्सियस या ठरलेल्या मर्यादेहून अधिक वेगाने भट्टीचे तापमान उतरू लागले. म्हणून कर्मचाऱ्यांनी नियमास अनुसरून व्हॉल्व्ह मिटले आणि पुढे त्यांपैकी एकच कंडेन्सर अधूनमधून चालविले. साडेतीननंतर समुद्राची लाट आली, जनित्रे बुडाली, बॅटऱ्याही गेल्या आणि व्हॉल्व्हची स्थिती दाखविणारे दिवे विझले. त्यात भर अशी, की नियंत्रणाची वीज गेल्यास नळी फुटली आहे असे समजून व्हॉल्व्ह मिटून घ्यावेत, अशी त्या मंडलाची मूळ रचनाच होती. टाकीत पाणी होते, पाण्याला उंची होती, गुरुत्वाकर्षण तर होतेच. वाट बंद होती. पुढील चौकशीत असे आढळले की पाळीवरील कोणीही हे उपकरण प्रत्यक्ष चालताना पूर्वी पाहिलेले नव्हते, आणि ते चालू आहे की नाही याविषयी केंद्रात बराच वेळ गैरसमज राहिला. त्या रात्रीच इंधन वितळू लागले. निष्क्रिय व्यवस्था माणसाच्या हाताची गरज काढून टाकते, असे जे सर्रास सांगितले जाते, ते मला मान्य नाही. ती माणसाची जबाबदारी अपघाताच्या घटकेपासून उचलून आराखड्याच्या, चाचणीच्या आणि प्रशिक्षणाच्या दिवसांवर नेऊन ठेवते, आणि तेथे ती हलकी होत नाही.

याच्या उलट बाजूचा दाखला आपल्या देशात त्याआधी अठरा वर्षे घडून गेला होता. 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या, आणि संचाची सर्व वीज सुमारे सतरा तास नाहीशी झाली. धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. अशा अंधारात काही कर्मचारी विजेऱ्या घेऊन इमारतीत वर चढले आणि बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडणारे व्हॉल्व्ह त्यांनी हातांनी उघडले. इतरांनी आग विझविण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी चढविले. त्या पाण्याने बाष्पजनित्रे थंड राहिली, म्हणून भट्टीतील जड पाणी तापून वर जाणे आणि निवून खाली येणे हे नैसर्गिक अभिसरण पंपांवाचून चालत राहिले, आणि इंधन सुरक्षित राहिले. निसर्गाने आपले काम केले, परंतु त्याला वाट करून देणारे हात जिने चढून गेले होते; त्या माणसांविषयी मला जो आदर वाटतो, तो शब्दांत सांगणे मला कठीण जाते.

या दोन अनुभवांच्या मधोमध ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या प्रगत जड पाणी भट्टीचा विचार करावा लागतो. डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. रतनकुमार सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या, थोरियमच्या उपयोगासाठी योजलेल्या 300 मेगावॉटच्या या भट्टीत मुख्य अभिसरणाचे पंपच ठेवलेले नाहीत. इंधनाला निववणारे साधे पाणी नित्याच्या कामातही केवळ घनतेच्या फरकाने फिरते. बाह्यकवचाच्या माथ्याशी 8,000 घनमीटर, म्हणजे ऐंशी लाख लिटर पाण्याचा तलाव योजला असून, कंडेन्सर त्यातच बुडालेले आहेत. नळी फुटली तर प्रथम दाबाखालील साठ्यातील आणि मग या तलावातील पाणी इंधनावर उतरते, आणि कोणी काहीही न करता निदान तीन दिवस निभावतात, असा मूळ हिशेब होता. 2008 साली या भट्टीच्या भौतिकीचा अभ्यास करणारी एक अल्पशक्तीची प्रायोगिक भट्टी ट्रॉम्बे येथे सुरू झाली. खरी भट्टी अद्याप उभी राहिलेली नाही, याची मला खंत आहे, कारण कागदावरील उत्तम कल्पनेची पारख धातू आणि पाणी यांच्या संगतीतच होते.

ही पारख का कठीण आहे, ते येथील श्रोत्यांना मी संकोच न करता सांगू शकतो. पंप जो दाब सहज देतो, त्याच्या एका लहानशा अंशावर नैसर्गिक अभिसरणाला भागवावे लागते. म्हणून वाकण, गाळ, वेल्डिंगचा आत राहिलेला उंचवटा, ज्या गोष्टी पंपाच्या मंडलात खपून जातात, त्या येथे खपत नाहीत. कमी दाबात पाणी उकळू लागले की प्रवाह हेलकावे खातो, प्रसंगी उलटाही फिरतो. वाफेत हवा शिरली तर नुकसान मोठे होते: स्थिर वाफेत शेकडा एकाहून कमी हवासुद्धा संघननाचा वेग निम्म्यावर आणू शकते. पंप सुरू आहे की बंद, एवढेच विचारून त्याची विश्वसनीयता मोजता येते. येथे मात्र व्यवस्था बंद न पडताही अपुरी पडू शकते, आणि म्हणूनच भाभा केंद्रातील संशोधकांना तिच्या मोजमापासाठी ‘एपीएसआरए’ ही वेगळी पद्धती रचावी लागली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 1991 साली निष्क्रिय व्यवस्थांचे चार वर्ग केले, त्यांतही हाच सावधपणा दिसतो: हलणारा भाग नसलेली भिंत एका टोकाला, आणि एकदा बॅटरीने उघडावा लागणारा व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाला.

त्या व्हॉल्व्हपाशी वसईचा संबंध येतो. गोखिवरे, वालीव, सातिवली येथील गाळ्यांत ज्यांनी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या बैठकी घासल्या आहेत, त्यांना हे सांगावयास नको की वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह चिकटतो, आणि मोठ्या दाबाने जो सहज उघडतो, तो दोन-तीन मीटर पाण्याच्या भाराने उघडेलच असे नाही. गुजरातेतील काकरापारच्या 700 मेगावॉटच्या नव्या संचांत बाष्पजनित्रांची वाफ उंचावरील टाकीत निववून परत आणण्याची निष्क्रिय व्यवस्था आहे, आणि कुडनकुलमला तेच काम बाहेरच्या हवेच्या नैसर्गिक ओढीने होते. या सर्वांचे यश शेवटी अशाच लहान भागांच्या नेकीवर अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भूमीने शिकविली आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि लोकांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. ज्या उंचीमुळे पाण्याला सामर्थ्य येते, तीच उंची भूकंपात त्याला घातक भार बनवू शकते. आठ हजार टन पाणी माथ्यावर हिंदकळू लागले तर खांबांवर काय ओढवते, याचा जाब आराखडा करणाऱ्याने या जिल्ह्यातील लोकांना समजेल अशा भाषेत दिला पाहिजे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ज्यांनी घर सोडले, त्यांना निदान आपल्या शेजाऱ्याच्या सुरक्षिततेचे दप्तर मराठीत वाचावयास मिळावे, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

म्हणून या अधिवेशनापुढे मी तीन सूचना ठेवतो. आपल्यापैकी काही सभासदांनी तारापूरच्या चारही संचांची आपत्कालीन शीतन-व्यवस्था सांगणारी, आकृत्यांसह, एक लहान मराठी पुस्तिका सिद्ध करावी आणि ती बोईसर, पालघर, डहाणू येथील शाळांना व ग्रामपंचायतींना पाठवावी. या व्यवस्थांच्या चाचण्या कोणत्या तारखेस झाल्या आणि त्यांत काय आढळले, याचा गोषवारा मराठीत प्रसिद्ध करण्याची विनंती संबंधित अधिकाऱ्यांना लेखी करावी. आणि अल्प दाबावर व्हॉल्व्ह उघडण्याच्या चाचणीसाठी आपल्या सभासद कारखान्यांनी एक सामायिक चाचणी-मंच उभारण्याचा खर्च किती येईल, याचा अंदाज उद्याच्या दुसऱ्या सत्रापूर्वी चिटणीसांकडे द्यावा, म्हणजे त्या सत्रात प्रथम त्याच ठरावावर चर्चा घेता येईल.