नावेच्या पाठीचे लाकूड

श्रोतेहो, खानदेशात नावेची गोष्ट कशाला, असे आपण म्हणाल. पण तापीवर हतनूरचे धरण आहे. सरदार सरोवराचे पाणी नर्मदाकाठच्या गावांपर्यंत चढले आहे. तो मुलूख १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तिथे बाजार काय अन् दवाखाना काय, कित्येकांना नावेनेच गाठावा लागतो.

आता फायबरच्या नावा आल्या. फायबर कुजत नाही, हे खरे. पण ज्या मागच्या उभ्या फळीवर इंजिन टांगतात, तिच्या पोटात पुष्कळदा प्लायवुड असते. बोल्टाच्या भोकांतून पाणी आत झिरपते, बाहेर मात्र पडत नाही. ओल आणि हवा मिळाली की लाकडाला बुरशी लागते. लाकूड कुजते ते या बुरशीने. धाब्याच्या घराची तुळई ओल्या भिंतीत शिरते त्या टोकालाच आधी कुजते ना? तसेच हे. वरून कीर्तन, आतून तमाशा!

मग ओळखावे कसे? हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आला तर शंका घ्या. इंजिन धरून हलवा, फळी लवते का पाहा. आतून बारीक भोक पाडा. भुसा काळा, ओला निघाला तर समजा, लाकूड गेले.

अशा वेळी वरून लांबी भरून भागत नाही. बाहेरचे कवच शाबूत ठेवून आतले कापावे. कुजके लाकूड निपटून काढावे व जागा पूर्ण वाळू द्यावी. पुठ्ठ्याचा साचा कापून त्या मापाचे मरीन प्लायवुड घ्यावे; त्यावर आय. एस. ७१० ही खूण पाहावी. कडांना रेझीन पाजून, मध्ये पोकळी न ठेवता ते घट्ट चिकटवावे. वरून काचतंतूचे थर बाजूंवर व तळावर नेऊन चढवावेत. बोल्टाची भोके आधी मोठी पाडून एपॉक्सीने भरावीत आणि मग त्यातच नवी पाडावीत. एवढे केले की पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

आपल्या उन्हाळ्यात रेझीन भराभर आळते. काम सकाळीच करा. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत बसा, विडी दूर ठेवा.

फळी तुटली तर इंजिन तर जातेच, शिवाय मागून पाणी आत घुसते, आणि नावेत माणसे असतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी हातोडीचे चार ठोके मारून पाहा, एवढीच विनंती.