टापेखालची जमीन

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ घडविले जातात. भाराखाली न दबणे हाच रुळाचा मोठेपणा. घोड्याच्या टापेखालच्या जमिनीला मात्र हा न्याय लागू पडत नाही. ती फार कठीण असली तर घोड्याच्या पायांवर संकट येते आणि फार मऊ असली तर त्याचा दम तुटतो. शर्यतीचा निकाल घोड्याचे कुळ, त्याची जोपासना आणि स्वाराचे कसब यांवर अवलंबून असतो, असे सामान्यतः मानले जाते. परंतु या तिघांइतकाच जमिनीचाही त्यात वाटा असतो.

शर्यतीच्या घोड्याचे वजन सुमारे ५०० किलो असते. तो चौखूर धावत असता क्षणभर एकाच पायावर त्याच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. घट्ट जमीन टापेला चटकन उसळी देते. वेग वाढतो, पण हाडांना हादराही बसतो. ओल्या जमिनीत खूर रुततो, तो उपसण्यातच शक्ती खर्च होते, आणि चपळ घोड्यामागून चिवट घोडा पुढे निघतो.

महाराष्ट्रात याचे प्रत्यंतर सहज मिळते. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यती होतात त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडी. पुण्याच्या होतात त्या पावसाळ्यात. दोन्हीकडे धावायची ती हिरवळच, पण पुण्यात एका सरीने तिचा स्वभाव पालटतो. म्हणूनच ठराविक वजन टाकून सळई जमिनीत किती रुतते हे मोजले जाते आणि तो आकडा शर्यतीपूर्वी जाहीर होतो. कोरड्या मैदानावरची वेळ ओल्या मैदानावरच्या वेळेशी ताडून घोड्याची योग्यता ठरविणे म्हणजे शुद्ध फसगत होय.

अमेरिकेत मोठ्या शर्यती बहुधा मातीच्या मार्गावर होतात. तेथे पुढच्या टापांची माती मागच्यांच्या तोंडावर उडते, त्यामुळे आघाडी घेणाऱ्याचा फायदा होतो. हिरवळीवर पुष्कळदा शेवटच्या टप्प्यातला झपाटा निर्णायक ठरतो. ‘सिगार’ नावाचा घोडा हिरवळीवर अकरा वेळा धावला आणि एकदाच जिंकला. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला मातीवर आणले, आणि १९९६ पर्यंत त्याने लागोपाठ सोळा शर्यती जिंकल्या. घोडा तोच होता. बदलली होती जमीन.

वाळू, धागे आणि मेण यांचे कृत्रिम मार्गही आता झाले आहेत. अमेरिकेत २००९ पासून ठेवलेल्या नोंदींत प्राणघातक दुखापतींचे प्रमाण मातीपेक्षा या मार्गांवर कमी आढळले. तरीही कॅलिफोर्नियातील सांता अनिता मैदानाने २००७ मध्ये घातलेला असा मार्ग २०१० मध्ये काढून पुन्हा माती घातली. पाण्याचा निचरा नीट होईना.

पैज लावणाऱ्याचे नुकसान पैशाचे असते. घोड्याचा पाय मोडला तर बहुधा त्याचा प्राणच जातो. ज्या जमिनीवर निकाल फिरतो तिच्यावरच त्या मुक्या जिवाचे आयुष्यही अवलंबून असते. म्हणून कोण जिंकेल या प्रश्नाआधी मैदान धावण्याजोगे आहे काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.