आधी हाक, मग तयारी

पदवीधर मुलामुलींनो,

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पावरलूमच्या खडखडाटात अभ्यास केला असेल, काहींनी केळीच्या बागेला पाणी देऊन मग कॉलेज गाठलं असेल. अशा घरात पहिली पदवी येते तेव्हा आनंदाच्या जोडीने एक धाकधूकही येते. 'पुढचं मला झेपेल का?' श्रद्धाळू माणसाची तर आणखी पंचाईत. एखादं काम देवानेच आपल्या वाट्याला दिलंय असं आतून वाटत असतं, आणि त्या कामाला आपण पुरे पडणार नाही असंही त्याच मनाला वाटत असतं. यातलं खरं कशाला मानायचं? आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

तुमच्या बुऱ्हाणपूरच्या घाटावरून वाहणारी तापी खाली जळगाव जिल्ह्यात जाते. तिथे मुक्ताईनगरजवळ, मेहूण आणि कोथळीच्या परिसरात, ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीचं, संत मुक्ताबाईंचं स्थान आहे. इथून फार तर दीड तासाची वाट. परंपरा सांगते की 1297 साली याच तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. म्हणजे आज इथे बसलेल्या बहुतेक मुलींपेक्षा त्या लहान होत्या.

त्यांच्या वाट्याला काय आलं होतं? संन्याशाची मुलं म्हणून समाजाने वाळीत टाकलेलं घर. प्रायश्चित्तापायी आईवडिलांनी केलेला देहत्याग. त्यात मुलीचा जन्म. त्या काळच्या कुठल्याही मोजमापाने त्या अपात्रच ठरल्या असत्या. तरी लोकांच्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा त्यांना समजावून ताटी उघडायला लावली ती या धाकट्या बहिणीने. ताटीचे अभंग म्हणून ती समजूत आजही गायली जाते. पुढे तपाचा मोठा डौल मिरवणाऱ्या चांगदेवांनी याच मुलीला गुरू केलं. त्यांच्या नावाचं चांगदेव हे गाव तापी आणि पूर्णेच्या संगमावर आहे. जमलं तर एकदा जाऊन या.

आता याच मुक्ताबाईंची दुसरी गोष्ट. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यात कुंभाराचं थापटणं पडलेलं. मडकं कच्चं की पक्कं हे त्याने कळतं, असं काकांनी सांगितलं. मुक्ताबाई म्हणाल्या, मग आमचीही पारख करा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटी मारत गेले. सगळे शांत बसले, पण नामदेवांना राग आला. निकाल लागला : हे मडकं कच्चं आहे.

नामदेव तर विठ्ठलाचे लाडके. ते रुसून पंढरपूरला गेले आणि देवापुढे गाऱ्हाणं मांडलं. देवाने त्यांची बाजू घेतली नाही. गुरू कर, असं सांगितलं. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि पुन्हा विद्यार्थी झाले.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो, कारण आपल्याला वाटणारं उणेपण दोन जातींचं असतं. मुक्ताबाईंचं उणेपण लोकांनी लादलेलं होतं. आपल्यावरही असंच लादलं जातं : जन्म, गरिबी, मुलगी असणं, आडगावचं असणं, इंग्रजी अडखळत बोलणं. असल्या उणेपणाला देवाचा निर्णय समजू नका. नामदेवांचं उणेपण मात्र खरं होतं. तिथे 'देव माझा पाठीराखा आहे' एवढ्याने भागलं नाही, शिकावंच लागलं. पण नीट पाहा, कच्चं म्हटल्यावरही देवाने त्यांचं काम काढून घेतलं नाही. गुरूचा पत्ता दिला. देवावरचा विश्वास म्हणजे मला सगळं येतं हा भ्रम नव्हे. ज्याने काम दिलं तो शिकण्याची वाटही दाखवील, एवढाच तो विश्वास.

पुढे नामदेव पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. 2015 साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत. गुरु गोविंदसिंहजी 1708 साली दक्षिणेकडे जाताना बुऱ्हाणपुरात थांबले होते, त्याची आठवण म्हणजे तुमच्या शहरातला बडी संगत गुरुद्वारा. तिथल्या ग्रंथात शिंप्याच्या घरचे नामदेव आहेत आणि विणकर कबीरही आहेत. कबीर निर्णय मंदिर तर तुमच्या गावातच आहे. कापडावर जगणाऱ्या या शहराला मी वेगळं काय सांगू?

तुम्ही विचाराल, ही हाक देवाची की आपलीच हौस, हे ओळखायचं कसं? माझ्यापुरत्या तीन कसोट्या सांगतो. त्या कामाने आपल्याखेरीज आणखी कुणाचं भलं होतं का? टाळ्या थांबल्यावरही ते करावंसं वाटतं का? आणि कुणी चूक दाखवली तर ऐकून घेण्याची तयारी आहे का? तिसरी सगळ्यांत अवघड. नामदेवांचंही तिथेच अडलं होतं.

तुमच्यातल्या काहींचा देवावर विश्वास नसेल. त्यांनी देवाच्या जागी कर्तव्य म्हणावं. कसोट्या बदलत नाहीत.

म्हणून जाताना एवढंच मागणं आहे. पूर्ण तयार झाल्यावर सुरुवात करू, असं म्हणून थांबू नका. लोकांनी डकवलेली उणीव आजच इथे सोडून द्या. जी खरोखर आपली आहे ती कागदावर लिहा, ती भरून काढणारा माणूस शोधा आणि पदवीचा अभिमान बाजूला ठेवून त्याच्यापुढे बसा. पण तोवर हातातलं काम खाली ठेवू नका.